ताटातला रंग आणि बाटलीतली गोळी

भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, गावाच्या वरच्या बाजूला जुना मालगुजारी तलाव आणि ताटात दोन्ही वेळा पांढरा भात. भात खाल्ल्याशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही, असे म्हणणारी माणसे आमच्याकडे घरोघरी आहेत. याच जिल्ह्याची दुसरी ओळख बिडीची. उन्हाळ्यात जंगलातून तेंदूपत्ता तोडून आणायचा आणि वर्षभर ओसरीवर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या, यावर कित्येक संसार उभे राहिले. पुढे बिडी मागे पडू लागली, तशी तिची जागा खर्ऱ्याने घेतली. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला हा खर्रा आज पानठेल्यावर कोवळी पोरेही मागताना दिसतात.

एका बाजूला पांढरा भात, दुसऱ्या बाजूला तंबाखू. या दोहोंच्या मध्ये आजची माझी गोष्ट आहे. ती एका रंगाची गोष्ट आहे. गाजर, पिकलेला आंबा, पपई आणि तांबडा भोपळा ज्यामुळे पिवळे-केशरी दिसतात, आणि हिरव्या पालेभाज्यांत जो हिरव्या रंगाखाली झाकलेला असतो, तो हा रंग. या रंगद्रव्यांच्या कुळाला कॅरोटिनॉइड म्हणतात. ही द्रव्ये खाल्ल्याने कॅन्सर टळतो का, तोंडापासून आतड्यांपर्यंतच्या आपल्या पचनमार्गाचे ती रक्षण करतात का, या प्रश्नांनी जगभरच्या शास्त्रज्ञांना शंभर वर्षे कामाला लावले. मी आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले, त्यामुळे या द्रव्यांशी माझी ओळख जुनी. पण आज हा विषय निवडला तो माझ्या मामांमुळे.

मामांचे गाव पवनी तालुक्यात. चार एकर धान, दोन म्हशी, आणि घरात मामी व मुली बिड्या वळणाऱ्या. मामा दिवसाला दीड-दोन कट्टे बिड्या ओढत. 1993 साल सरता सरता एका मासिकात मी एक लेख वाचला. चीनमध्ये हजारो लोकांना कॅरोटिन आणि इतर दोन पोषकद्रव्यांच्या गोळ्या दिल्या आणि जठराच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले, असे त्यात होते. मी नागपूरहून कॅरोटिनच्या केशरी गोळ्यांची एक बाटली आणली आणि मामांच्या हातात ठेवली. म्हटले, "मामा, बिडी सुटत नसेल तर निदान ही रोज एक घ्या."

आमच्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा वयाने कितीही लहान असो, तो पूज्य. त्यात मी कॉलेजातला शिकवणारा. मामा म्हणाले, "भाचा सांगते तं घेतो बापा." मामी मात्र चुलीपाशी बसून हसली. म्हणाली, "पिवळंच खायाचं तं परसात कोहळं हाये नं. गोळी कायले पाहिजे?" आमच्याकडे तांबड्या भोपळ्याला कोहळं म्हणतात. मी मामीला कोहळे आणि शुद्ध कॅरोटिन यांतला फरक समजावून सांगितला. आज त्या समजावण्याची मला लाज वाटते. का वाटते, ते कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

रंगापासून जीवनसत्त्वापर्यंत

1831 साली वाकेनरोडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने गाजरापासून लाल-केशरी स्फटिक वेगळे केले आणि गाजराच्या लॅटिन नावावरून त्याला कॅरोटिन हे नाव दिले. पुढची ऐंशी-नव्वद वर्षे तो केवळ एक रंग होता. त्याचा पोटाशी, प्रकृतीशी काही संबंध असेल असे कोणाला वाटले नव्हते.

1913 मध्ये अमेरिकेत मॅकॉलम आणि डेव्हिस यांनी लोण्यात आणि अंड्याच्या बलकात एक असा पदार्थ असल्याचे दाखवले, की जो नसला तर उंदरांची वाढ थांबते. तेच पुढे 'अ' जीवनसत्त्व म्हणून ओळखले गेले. 1919 मध्ये स्टीनबॉक यांच्या लक्षात आले की पिवळा मका खाणारे उंदीर वाढतात, पांढरा मका खाणारे खुरटतात. म्हणजे पिवळ्या रंगात काहीतरी आहे. पण लिव्हरमधले 'अ' जीवनसत्त्व तर जवळजवळ रंगहीन! हे कोडे 1930 च्या सुमारास केंब्रिजमध्ये थॉमस मूर यांनी सोडवले. त्यांनी उंदरांना कॅरोटिन खाऊ घातले आणि त्यांच्या लिव्हरमध्ये 'अ' जीवनसत्त्व साठलेले दाखवले. झाडाने दिलेला रंग शरीर मोडते आणि त्यातून जीवनसत्त्व घडवते. याच सुमारास पॉल कारर यांनी कॅरोटिनच्या रेणूची रचना उलगडली आणि 1937 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या जीवनसत्त्वाचे काम काय? आपल्याला ठाऊक असते ते डोळ्यांचे. ते कमी पडले की रातांधळेपणा येतो. आमच्याकडची जुनी माणसे रातांधळे झालेल्या पोराला बकऱ्याची कलेजी खाऊ घालत. नाव ठाऊक नव्हते, पण उपाय अचूक होता. दुसरे काम मात्र कमी लोकांना माहीत असते. 1925 मध्ये वोलबाख आणि हाउ या दोन अमेरिकन संशोधकांनी 'अ' जीवनसत्त्वाविना वाढवलेल्या उंदरांची शरीरे तपासली. श्वासनलिका, लाळग्रंथी, मूत्रमार्ग अशा ठिकाणचे आतले ओलसर, मऊ अस्तर त्यांना कातडीसारखे कोरडे आणि खरखरीत झालेले आढळले. असे बदल कॅन्सरच्या वाटेवरच्या पेशींतही दिसतात. इथून पोषण आणि कॅन्सर या दोन विषयांची गाठ पडली.

पाव-पाण्याचे उंदीर

ही गाठ किती फसवी असू शकते याची एक गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात नोंदलेली आहे. कोपनहेगनचे डॉक्टर योहानेस फिबिगर यांना 1907 साली काही उंदरांच्या जठरात गाठी दिसल्या आणि त्या गाठींत बारीक जंत दिसले. शोध घेता घेता ते एका साखर कारखान्यातल्या उंदरांपर्यंत पोचले. तिथल्या झुरळांतून हे जंत उंदरांच्या पोटात जात होते. फिबिगरांनी अशी झुरळे उंदरांना खाऊ घातली आणि त्यांच्या जठरात गाठी निर्माण केल्या. जंतांमुळे कॅन्सर होतो, हा मोठाच शोध मानला गेला आणि 1926 चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

पण ते उंदीर पांढरा पाव आणि पाणी यांवर जगत होते. 1952 साली हिचकॉक आणि बेल या अमेरिकन संशोधकांनी तेच प्रयोग पुन्हा केले, या वेळी काही उंदरांना 'अ' जीवनसत्त्व पुरेसे देऊन. अशा उंदरांच्या जठरात जंत असूनही फार काही बिघडले नाही. ज्यांचा आहार निकस होता त्यांच्याच जठराचे अस्तर जाड आणि खडबडीत झाले, आणि तोही खरा कॅन्सर नव्हता. नोबेल मिळालेला शोध असा ढासळला. फिबिगर 1928 सालीच वारले होते. त्यांना हे पाहावे लागले नाही.

वर्गात मी ही गोष्ट नेहमी सांगत असे. पांढरा पाव खाऊन राहिलेल्या उंदरांची गोष्ट पांढऱ्या भातावर वाढलेल्या मुलांना सांगताना मात्र मनात चरकायला होई. तांदूळ पॉलिश केला की त्यात कॅरोटिन नावालाही उरत नाही. धानाच्या हिरव्या पातीत ते भरपूर असते, पण दाण्यात उतरत नाही. म्हणूनच 2000 साली इंगो पोट्रिकस आणि पीटर बायर यांनी जनुकबदल करून दाण्यातच कॅरोटिन तयार करणारा पिवळा तांदूळ घडवल्याचे जाहीर केले. फिलिपीन्सने 2021 मध्ये त्याला लागवडीची परवानगी दिली आणि 2024 मध्ये तिथल्या न्यायालयाने ती थांबवली. आपल्याकडे तो शेतात आलेला नाही. भात खाणाऱ्याला रंग मिळवायचा तर तो आजही भाताशेजारच्या भाजीतूनच मिळवावा लागतो.

परळच्या प्रयोगशाळेत

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. 1941 साली मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. हिंदुस्थानात तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर एवढा का, हा त्यांचा ध्यास. 1955 साली संघवी, राव आणि खानोलकर यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पचनमार्गाच्या वरच्या भागातल्या कॅन्सरवर एक निबंध लिहिला. वरचा भाग म्हणजे तोंड, घसा आणि अन्ननलिका. तंबाखू चघळणे आणि ओढणे यांचा या कॅन्सरशी असलेला संबंध त्यांनी रुग्णांच्या नोंदींवरून दाखवून दिला. पुढच्या अभ्यासांनी तो आणखी पक्का केला. बिडी म्हणजे फक्त फुप्फुसाचा प्रश्न, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. बिडीचा धूर घसा आणि अन्ननलिका यांनाही सोडत नाही. पचनमार्ग पोटापासून सुरू होत नाही, तो ओठांपासून सुरू होतो, आणि तंबाखू त्याला पहिल्या पायरीवरच गाठते.

खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे या पुण्याच्या. 1949 साली त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. पुढे त्यांनी परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात पेशींची प्रयोगशाळेत वाढ करण्याचे तंत्र रुजवले. मला त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो तो आणखी एका कारणाने. प्रयोगशाळेत नाव मिळवल्यावर त्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली. पेशी पाहणाऱ्या बाईंना ताटही पाहावेसे वाटले.

दरम्यान फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि त्यांचे सहकारी खेडोपाडी फिरून लोकांची तोंडे तपासत होते. पुणे जिल्ह्यातल्या 1,01,761 खेडुतांची त्यांनी केलेली तपासणी 1972 साली प्रसिद्ध झाली. कॅन्सर होण्याआधी तोंडात पांढरे चट्टे पडतात, त्यांचा तंबाखूशी असलेला संबंध अशा पाहण्यांतून स्पष्ट झाला. याच संशोधकांनी 1990 च्या दशकात गुजरात आणि केरळमध्ये, चट्टे पडलेले लोक आणि न पडलेले लोक काय खातात, याची तुलना केली. टोमॅटो खाणाऱ्यांत चट्टे कमी आढळले. टोमॅटोचा लाल रंग लायकोपिनचा. तेही कॅरोटिनॉइडच, फक्त त्यापासून 'अ' जीवनसत्त्व बनत नाही.

परळच्याच कॅन्सर संशोधन संस्थेत डॉ. एस. व्ही. भिडे यांचा गट तंबाखू आणि आहार यांच्यावर काम करत होता. 1991 साली त्यांनी तंबाखूच्या अर्काचा परिणाम 'अ' जीवनसत्त्व कमी पडलेल्या उंदरांवर तपासला. निकस आहाराच्या उंदरांवर तंबाखूचा घाव अधिक बसला. पुढच्याच वर्षी याच गटाने कॅरोटिनॉइड आणि पाम तेल यांचा उंदरांवरचा कॅन्सरविरोधी गुण दाखवला. म्हणजे मुंबईतल्या प्रयोगांची दिशाही तीच होती: कमी पडले की धोका वाढतो, दिले की कमी होतो.

हे सगळे वाचून माझ्यासारख्या शिक्षकाने काय निष्कर्ष काढावा? मी काढला तोच. तंबाखू सुटत नसेल तर कॅरोटिन द्या. मी एकटाच असा विचार करत होतो असे नाही.

तीन मोठे प्रयोग

1981 साली 'नेचर' या नियतकालिकात रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्न मांडला. आहारातल्या बीटा-कॅरोटिनने माणसांतला कॅन्सर लक्षणीय प्रमाणात कमी करता येईल का? कारण भाज्या-फळे जास्त खाणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसत होता. लेखकांनी इशाराही दिला होता: भाज्या खाणारा माणूस इतरही अनेक बाबतींत वेगळा असतो, तेव्हा श्रेय कॅरोटिनचेच आहे हे आधी सिद्ध करावे लागेल. ते सिद्ध करण्यासाठी मग मोठमोठे प्रयोग उभे राहिले.

चीनमधल्या लिनशियन भागात अन्ननलिकेचा आणि जठराचा कॅन्सर अतोनात होता. तिथे 29,584 लोकांवर पाच वर्षे प्रयोग झाला. बीटा-कॅरोटिन, 'ई' जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र घेणाऱ्यांत जठराच्या कॅन्सरचे मृत्यू 21 टक्क्यांनी कमी झाले. 1993 साली हे प्रसिद्ध झाले. मी मासिकात वाचले ते हेच. मी एक गोष्ट मात्र नीट वाचली नाही. लिनशियनचे लोक अर्धपोटी, निकस आहारावर जगणारे होते. त्यांना कमतरता होती, ती गोळीने भरून निघाली.

मग फिनलंडचा निकाल आला, एप्रिल 1994 मध्ये. 50 ते 69 वयाच्या 29,133 पुरुषांवरचा प्रयोग, सगळे सिगारेट ओढणारे. रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन. अपेक्षा होती की फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल. तो 18 टक्क्यांनी वाढला. अनेकांना वाटले, हा योगायोग असेल. पण अमेरिकेत 18,314 लोकांवर असाच प्रयोग चालू होता. हे लोक धूम्रपान करणारे, पूर्वी केलेले किंवा ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले. त्यांच्यात कॅन्सर 28 टक्क्यांनी वाढलेला दिसला आणि जानेवारी 1996 मध्ये तो प्रयोग मुदतीआधी 21 महिने बंद करावा लागला. त्याच वर्षी 22,071 अमेरिकन डॉक्टरांवरच्या बारा वर्षांच्या प्रयोगाचा निकाल लागला. त्यांच्यातले बहुतेक जण धूम्रपान न करणारे. त्यांना फायदाही झाला नाही आणि तोटाही नाही.

असे का व्हावे? 1999 साली बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या गटाने फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यांवर प्रयोग करून याचे एक उत्तर दिले. उंदीर कॅरोटिन खाताच त्याचे जवळजवळ सगळे जीवनसत्त्वात रूपांतर करतो. माणसात तसे होत नाही, बरेचसे कॅरोटिन जसेच्या तसे रक्तात जाते, आणि फेरेट याबाबत माणसाच्या जवळचा. फेरेटना सिगारेटचा धूर आणि कॅरोटिनचा मोठा डोस एकत्र दिला तेव्हा त्यांच्या फुप्फुसाचे अस्तर बिघडले. धुराने जळणाऱ्या फुप्फुसात कॅरोटिनचे रेणू तुटतात आणि त्यांचे तुकडे पेशींच्या वाढीचा लगाम सैल करतात. थोडे कॅरोटिन रक्षक, ढीगभर कॅरोटिन आणि धूर मिळून भक्षक. आणि ढीगभरच म्हणायचे. जुन्या भारतीय कोष्टकात 100 ग्रॅम गाजरात 1,890 मायक्रोग्रॅम कॅरोटिन दिले आहे. त्या हिशेबाने फिनलंडच्या एका गोळीत किलोभर गाजरांचे कॅरोटिन होते. शिवाय गाजराच्या पेशींत अडकलेल्या कॅरोटिनचा थोडाच भाग अंगी लागतो, गोळीतले सहज शोषले जाते.

पचनमार्गाचा हिशेबही लवकरच झाला. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये 14 प्रयोगांचा एकत्र आढावा आला. एकूण माणसे 1,70,525. अशा गोळ्यांनी अन्ननलिका, जठर, आतडी यांचा कॅन्सर टळल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यूच थोडे जास्त दिसले. 2022 मध्ये अमेरिकेच्या आरोग्यविषयक तज्ज्ञगटाने कॅन्सर टाळण्यासाठी बीटा-कॅरोटिन घेऊ नये, असा स्पष्ट सल्ला दिला.

केरळचा एक प्रयोग मला याहूनही बोलका वाटतो. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तोंडात पांढरे चट्टे असलेल्या मासेमार समाजातल्या 160 जणांना 'अ' जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटिन किंवा नुसती खोटी गोळी दिली होती. 'अ' जीवनसत्त्व घेणाऱ्यांपैकी 52 टक्क्यांचे, कॅरोटिन घेणाऱ्यांपैकी 33 टक्क्यांचे आणि खोट्या गोळीवाल्यांपैकी 10 टक्क्यांचे चट्टे पूर्ण गेले. केवढा आनंद झाला असेल! पण गोळ्या थांबवल्यावर बरे झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत चट्टे परत आले.

मामांची बाटली

फिनलंडचा निकाल 1994 सालचा, पण तो माझ्यापर्यंत पोचायला 1996 उजाडले. तेव्हा आमच्याकडे इंटरनेट कुठले? अमेरिकेतला प्रयोग थांबवल्याची बातमी मी नागपूरला ग्रंथालयात वाचली आणि मागची नियतकालिके काढून बसलो. संध्याकाळच्या बसने थेट मामांच्या गावी गेलो. मामांच्या बाजेखालच्या ट्रंकेत बाटली होती, चौथी की पाचवी. मी ती घेतली आणि नाल्यात रिकामी केली. मामा बिडी ओढत पाहत होते. "काय झालं बापा? चांगली होती म्हणे नं?" मी म्हटले, "मामा, माझी चूक झाली. गोळी नको. बिडी सोडा." ते हसून म्हणाले, "दोन वर्सं तुमीच म्हणत होते, बिडी सुटत नसन तं गोळी घ्या."

1997 च्या पावसाळ्यात मामांना भाताचा घास उतरेनासा झाला. आधी भात, मग पेज, मग पाणी. नागपूरला तपासणी झाली. अन्ननलिकेचा कॅन्सर होता आणि बराच पुढे गेलेला. 1998 च्या उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याच्या हंगामात ते गेले.

गोळीने त्यांना कॅन्सर झाला, असे मी म्हणत नाही. ज्या प्रयोगांत तोटा दिसला तो फुप्फुसाचा होता, आणि चाळीस वर्षांच्या बिडीला अन्ननलिका जाळायला कोणाच्या मदतीची गरज नव्हती. डॉक्टरांनीही मला तेच सांगितले. माझे दुःख वेगळे आहे. त्या बाटलीने आम्हा दोघांनाही एक सवलत दिली. मामांना वाटले, भाच्याने तोड काढली, आता बिडी चालेल. मला वाटले, मी माझे काम केले. दोन-सव्वादोन वर्षे मी त्यांच्याशी बिडीविषयी बोललोच नाही. विज्ञानाने मला चुकीचे सांगितले नव्हते. उंदरावरचे निष्कर्ष, चीनमधल्या अर्धपोटी लोकांवरचे निष्कर्ष, सगळे आपापल्या जागी खरे होते. मी ते उचलून दुसऱ्याच माणसावर ठेवले.

म्हणून दोन-तीन गोष्टी स्पष्ट सांगतो. पहिली, लहान मुलांना अंगणवाडीत नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा डोस देतात, तो जरूर द्यावा. भारतात हा कार्यक्रम 1970 सालापासून आहे आणि तो कमतरता भरून काढण्यासाठी आहे. माझ्या गोष्टीतून कोणी त्याविषयी शंका घेऊ नये. दुसरी, बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने कॅन्सर टाळायला म्हणून कॅरोटिनच्या गोळ्या घेऊ नयेत. तिसरी, कुठलीही भाजी तंबाखूचा उतारा नाही. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा घोटला जातोच आहे. आणि केवळ तंबाखूच नव्हे, नुसती सुपारीही कॅन्सर घडवते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरविषयक संस्थेने 2004 सालीच नोंदवले आहे. ज्याचे तोंड पुरते उघडत नाही, तिखट लागले की ज्याच्या डोळ्यांत पाणी येते, त्याने टोमॅटो खात बसू नये. खर्रा थुंकावा आणि डॉक्टरकडे जावे.

मग भाजी कशाला खायची? कारण तिच्यात एकटे कॅरोटिन नसते. शेकडो रंगद्रव्ये, तंतू, लोह, 'क' जीवनसत्त्व असा सगळा गोतावळा असतो, आणि ज्या माणसांत कॅन्सर कमी दिसला ती माणसे हा गोतावळा खात होती, गोळी नव्हे. आपल्याकडे त्याला तोटा नाही. आमच्या आठवडी बाजारात आषाढ-श्रावणात तरोट्याचा कोवळा पाला येतो, त्याला कोकणात टाकळा म्हणतात. अंबाडी, चवळई, माठ, परसातले कोहळे आहेच. मुनग्याच्या म्हणजे शेवग्याच्या पाल्यात जुन्या कोष्टकाप्रमाणे 100 ग्रॅमला 6,780 मायक्रोग्रॅम कॅरोटिन, सांबारात म्हणजे कोथिंबिरीत 6,918. गाजराच्या तिपटीहून जास्त. फक्त ते तेलात विरघळणारे असल्याने भाजीला जरा तेलाची फोडणी हवी, कोरडी उकडलेली भाजी तेवढी अंगी लागत नाही. मामी भाजीत जवसाचे तेल सोडायची ते चवीसाठी, पण रसायनशास्त्रही तेच सांगते.

मामी अजून आहे. नव्वदीच्या घरात आहे, बिड्या वळणे कधीच सुटले. मागच्या पावसाळ्यात गेलो तेव्हा तिचा नातू, विशीतला पोरगा, ओसरीवर पन्नी हातात घेऊन खर्रा घोटत बसला होता. मला पाहून त्याने ती मागे लपवली. या वेळी मी कुठली गोळी सुचवली नाही. त्याच्या शेजारी बसलो आणि त्याच्या आजोबांना भात उतरेनासा झाला त्या पावसाळ्याची गोष्ट त्याला सांगितली. मामीने आतून तरोट्याची भाजी आणि भात वाढून आणला. आम्ही दोघे जेवलो. पन्नी त्याने माझ्यासमोर फेकली. ती कायमची फेकली की नाही, ते विचारायला मी या दिवाळीत पुन्हा जाणार आहे, आणि त्याच्यापुढच्या दिवाळीतही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)